घड्याळाचे आकडे रंगवणाऱ्या मुली : न्यू जर्सीतला एक तपास

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०:१२

कारखान्यांत जाऊन हवेचे नमुने घ्यायचे, धूळ मोजायची, कामगारांच्या रक्ताचे रिपोर्ट चाळायचे हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "रेडियमचं काम करणाऱ्यांना काही होतं का हो?" विचारणारा असतो रिक्षाच्या मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद' चिकटवून देणारा रेडियमवाला. त्याच्या त्या चकाकत्या कागदात रेडियमचा कणही नसतो, दिव्याचा उजेड तेवढा परत फेकला जातो. पण हे नाव आपल्याकडे चिकटलं ते चिकटलंच. खरं रेडियम ज्यांनी हाताळलं त्या मुलींची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मला त्यातला तपास सांगायचाय, कारण माझ्या धंद्यातली सगळी दुखणी त्या एका प्रकरणात आहेत.

जागा : ऑरेंज, न्यू जर्सी. १९१७ पासून तिथे अंधारात चमकणारा रंग बनायचा आणि घड्याळांच्या तबकड्यांवर चढवला जायचा. पहिलं महायुद्ध चालू होतं, खंदकातल्या सैनिकाला काडी न पेटवता वेळ दिसायला हवी होती. रंग म्हणजे झिंक सल्फाइडची पूड, त्यात किंचित रेडियम आणि चिकटायला गोंद. कंपनीचं नाव १९२१ पासून युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन. कामाला बहुतेक मुलीच, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. मजुरी नगावर, तबकडीमागे साधारण दीड सेंट, आणि चपळ मुलगी दिवसाला अडीचशे तबकड्या उरकायची.

आकडा बारीक, ब्रश मऊ केसांचा. चार रेघा ओढल्या की केस फिसकटतात. मग सुईत ओवताना आपण दोरा ओठांत धरून टोक काढतो ना, तसं ब्रशचं टोक ओठांनी काढायचं. शिकवणारीनेच तसं शिकवलेलं. पाण्यात बुडवत बसलं तर वेळ जातो आणि रंग वाया जातो. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा थोडं थोडं रेडियम पोटात.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये मॉली मॅगिया गेली, वय २४. आधी एक दात दुखला, तो काढला तर जखम भरेना. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. शेवटी डॉ. नेफ या दंतवैद्याच्या हातात जबड्याचं हाडच सुटून आलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं सिफिलिस, म्हणजे गुप्तरोग. एका तरुण मुलीच्या नावापुढे हा शब्द १९२२ साली सरकारी कागदावर चढला म्हणजे घरच्यांचं काय झालं असेल, ते आपल्या समाजात वाढलेल्यांना सांगायला नको.

आता तपास. पहिला संशय फॉस्फरसवर गेला, कारण काडेपेटीच्या कारखान्यांमुळे जबडा सडण्याचा रोग डॉक्टरांना ओळखीचा होता. राज्याच्या कामगार खात्यासाठी सामातोल्स्की नावाच्या रसायनतज्ज्ञाने रंग तपासला. फॉस्फरस सापडला नाही. जानेवारी १९२३ मध्ये त्यांनी खात्याला लिहिलं की हे दुखणं रेडियममुळे असावं असं मला वाटतं. हे पत्र मी माझ्या टेबलासमोर लावायच्या लायकीचं मानते. एका माणसाने रंगाचा नमुना बघून बरोबर उत्तर दिलं, आणि कागद फाइलला लागला.

मार्च १९२४ मध्ये मुली आजारी पडतायत म्हणून कुजबुज वाढली, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष आर्थर रोडर यांनी स्वतःच हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांना बोलावलं. ड्रिंकर, त्यांच्या पत्नी कॅथरीन (त्याही डॉक्टर) आणि विल्यम कॅसल. त्यांनी केलेली सगळ्यात साधी गोष्ट : मुलींना अंधाऱ्या खोलीत उभं केलं. केस, चेहरा, हात, मान, कपडे, अगदी आतले कपडेसुद्धा चमकत होते. एकीची पाठ कमरेपर्यंत. खोलीतल्या धुळीचे नमुनेही चमकले. रक्त तपासलं त्यांच्यापैकी एकीचंही पूर्णपणे ठीक नव्हतं. जूनमध्ये अहवाल कंपनीला गेला : कारण रेडियम आहे, खबरदारी घ्या.

रोडर यांनी तो छापू दिला नाही. कामगार खात्याला मात्र त्यातलं सोयीचं तेवढं कळवलं, आणि खात्याची समजूत अशी झाली की हार्वर्डवाल्यांच्या मते प्रत्येक मुलगी ठणठणीत आहे. पुढचं जवळजवळ वर्ष याच समजुतीवर गेलं.

गाठ सुटली ती बायकांमुळे. कन्झ्युमर्स लीग या कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनेच्या कॅथरीन वायली न्यू जर्सीत घरोघर फिरून माहिती गोळा करत होत्या. त्यांनी अॅलिस हॅमिल्टनना गाठलं (हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक, आमच्या क्षेत्राची आजीच). एप्रिल १९२५ मध्ये हॅमिल्टननी कॅथरीन ड्रिंकरना पत्र टाकलं, की तुमच्या नावावर रोडर भलताच अहवाल दाखवतायत, माहीत आहे का? नवराबायको हादरले. ऑगस्टमध्ये, खटल्याची धमकी असतानाही, त्यांनी मूळ काम छापलं. तोवर प्रुडेन्शियल विमा कंपनीचे सांख्यिकीतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांचा याच मृत्यूंवरचा निबंध मे महिन्यात जाहीरपणे वाचून झालेला होता. विमावाल्याला मरणाचे आकडे खोटे चालत नाहीत, हे बरंच झालं.

हाडांतलं रेडियम मोजून दाखवणाऱ्या डॉ. मार्टलंड यांच्याबद्दल उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

---

उंडगा_पांडू | रविवार, रात्री १०:५८

वाचतोय, पुढचं लवकर टाका. एक बाळबोध प्रश्न. आजोबा फौजेत होते, त्यांचं वेस्ट एंडचं मनगटी घड्याळ माझ्या कपाटात आहे. आकडे पिवळट तपकिरी झालेत, अंधारात काहीही चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं ना? पोरगं ते घड्याळ घेऊन खेळतं म्हणून विचारलं.

---

भौतिकभाऊ | रविवार, रात्री ११:२०

पांडू, आधी ते घड्याळ पोराच्या हातून काढ. मग वाच.

रंगावर खरोखर रेडियम असेल तर ते संपलेलं नाही. रेडियम-२२६ चं अर्धआयुष्य १६०० वर्षं. शंभर वर्षांत त्यातलं जेमतेम ४ टक्के कमी होतं. थकलंय ते झिंक सल्फाइड. रेडियममधून सुटणारे अल्फा कण त्यावर आदळतात म्हणून ते चमकतं, आणि त्याच माऱ्याने काही वर्षांत त्याची स्फटिकरचना मोडते. दिवा गेला, पण करंट चालू आहे, असं समज.

अल्फा कण कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतो, काचेतून तर मुळीच येत नाही. आरपार जाणारे गॅमा किरण थोडे येतात, पण नुसतं ठेवलेलं बंद घड्याळ म्हणजे काही बॉम्ब नव्हे. धोका आहे तो काच उघडून आकडे खरवडण्यात, कारण ती पूड श्वासात किंवा पोटात गेली की गणित बदलतं. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतं (आवर्तसारणीत एकाच रकान्यात बसतात दोघं), म्हणून ते हाडात नेऊन रचलं जातं. एक मायक्रोग्रॅम रेडियम म्हणजे सेकंदाला ३७,००० स्फोट, हाडाला खेटून, रात्रंदिवस. कातडीबाहेर निरुपद्रवी असलेला तोच कण आत गेल्यावर हाडातल्या मज्जेच्या पेशींना सुट्टी देत नाही.

---

डॉ_दाढदुखी | सोमवार, सकाळी ७:४५

दवाखाना उघडायच्या आधी दोन ओळी. या प्रकरणात दंतवैद्यांना श्रेय मिळतं ते रास्त आहे, कारण रोग पहिल्यांदा आमच्याच खुर्चीत येऊन बसला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या थिओडोर ब्लम यांनी जबड्याच्या हाडाच्या संसर्गावर लेख लिहिला, त्यात एका तळटीपेत 'रेडियम जबडा' हा शब्द पहिल्यांदा आला. तळटीपेत!

जबडाच का, तर दाताची मुळं हाडात आणि वर तोंडभर जंतू. शरीरातलं दुसरं कुठलंच हाड बाहेरच्या जगाच्या इतकं जवळ नाही. हाडाची दुरुस्ती बंद पडली की पहिली पोलखोल तिथे होते, आणि दात काढला की जखम भरतच नाही. म्हणजे ते बिचारे दंतवैद्य मदत म्हणून दात काढत होते आणि आजार उघडा पडत होता.

हे जुनं झालं असं समजू नका. २००३ पासून आम्हाला तसाच जबडा पुन्हा दिसायला लागला, कॅन्सरसाठी किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून काही विशिष्ट इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये. काडेपेटीवाल्या कामगारांची आठवण तेव्हा सगळ्यांनाच झाली. म्हणून आमच्याकडे दाढ काढायला आलात आणि "हाडांसाठी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेता का?" असं विचारलं, तर "दाताचं बोला डॉक्टर" म्हणू नका. विचारण्यामागे शंभर वर्षांचा धडा आहे.

अवांतर : पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर आपल्याकडे १९१३ च्या कायद्याने बंदी आली.

---

सरळमार्गी | सोमवार, सकाळी ११:०५

लेख चांगला आहे, पण एक बाजू मांडतो. माझं एमआयडीसीत छोटं युनिट आहे, त्यामुळे मालक म्हटला की खलनायक हे वाचून कंटाळा येतो. त्या काळी रेडियम हे औषध समजलं जायचं. लोक पाण्यातून प्यायचे. मालकालाच माहीत नसेल तर तो सांगणार काय? आजच्या चष्म्यातून कालचं बघू नये.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:३०

सरळमार्गी, प्यायचे हे खरंच. एबेन बायर्स नावाचा धनाढ्य उद्योगपती 'रॅडिथॉर' नावाचं रेडियमचं पाणी बाटल्याच्या बाटल्या रिचवत होता, आणि मार्च १९३२ मध्ये तसाच, जबडा झडून गेला. श्रीमंत गेल्यावर सरकारी यंत्रणा कशी हलली हा वेगळा धागा होईल.

पण "माहीत नव्हतं" हे अर्धंच. त्याच कंपनीत प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ शिशाच्या आडोशामागून आणि चिमट्याने रेडियम हाताळायचे. रंगाचे जनक साबिन फॉन सोखोकी एकदा रंगकामाच्या खोलीतून जाताना, ब्रश ओठांत धरणाऱ्या ग्रेस फ्रायर या मुलीला म्हणाले होते की असं करू नकोस, आजारी पडशील. हे तिने कोर्टात सांगितलं. त्यांचे भागीदार विलिस यांचा अंगठा कापावा लागला होता. वरच्या मजल्यावर चिमटा, खालच्या मजल्यावर ओठ. तेव्हा चष्मा आजचा नाही, तेव्हाचाच आहे. १९२४ च्या अहवालाबाबत तर वादच नको, तो त्यांनी स्वतः पैसे देऊन करून घेतला होता. माझं म्हणणं एवढंच की १९२३ च्या जानेवारीपासून उत्तर लेखी होतं.

आता मार्टलंड. हॅरिसन मार्टलंड, एसेक्स परगण्याचे सरकारी डॉक्टर, शवविच्छेदनात मुरलेला माणूस. जून १९२५ मध्ये कंपनीचेच मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. लेमन मेले, आणि पाठोपाठ सारा मायफर ही रंगकाम करणारी. साराच्या बाबतीत त्यांनी जिवंतपणीच तपासणी केली : तिने एका नळीतून श्वास सोडायचा आणि तो इलेक्ट्रोस्कोप या किरणोत्सार ओळखणाऱ्या उपकरणापर्यंत न्यायचा. हाडातलं रेडियम फुटताना रेडॉन वायू बनतो, तो रक्तातून फुप्फुसात आणि श्वासातून बाहेर. वायू किरणोत्सारी असेल तर उपकरणातली सोन्याची वर्खाची पानं मिटत जातात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मग तिच्या हाडांची राख करून मोजमाप. 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये डिसेंबर १९२५ ला लेख आला, त्यात दंतवैद्य नेफ सहलेखक आहेत, डॉ_दाढदुखी खूश होतील.

फॉन सोखोकी यांनी मार्टलंडना मनापासून मदत केली. नोव्हेंबर १९२८ मध्ये तेही गेले, मज्जा निकामी होऊन.

आणि मॉली. ऑक्टोबर १९२७ मध्ये तिची पेटी उकरून वर काढली. पुरून पाच वर्षं झालेली. अंधाऱ्या खोलीत तिच्या हाडांना फोटोच्या फिल्म लावून ठेवल्या, काही दिवसांनंतर धुतल्या, तर फिल्मवर हाडांनी आपली खूण उमटवलेली. सिफिलिसचं चिन्ह कुठेही नाही. ते तपासणं मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त भिडतं. दाखल्यावर पाच वर्षं जे लिहिलेलं होतं ते तिच्याच हाडांनी खोडलं.

---

वकीलकाकू | सोमवार, रात्री १०:४५

कायद्याच्या बाजूने भर घालते, कारण खरी अडचण तिथे झाली.

ग्रेस फ्रायरने १९२० मध्येच नोकरी सोडून बँकेत काम धरलं होतं. दात पडायला लागले १९२२ मध्ये. वकील शोधण्यात दोनेक वर्षं गेली. रेमंड बेरी या तरुण वकिलाने मे १९२७ मध्ये दावा लावला. न्यू जर्सीत अशा दाव्याची मुदत दोन वर्षं. कामगार भरपाईत तर पाच महिने, आणि त्यातल्या रोगांच्या यादीत फॉस्फरस होता पण रेडियम नव्हतं! (जबड्याचा रेडियम-रोग यादीत घातला १९२६ मध्ये.) म्हणजे रोग पाच वर्षांनी उगवतो आणि दार दोन वर्षांनी बंद होतं. बेरींचा मुद्दा असा की रेडियम अजून हाडात आहे, रोज इजा करतंय, तर मुदत संपलीच कुठे?

पाच जणी होत्या : ग्रेस, एडना हसमन, कॅथरीन शॉब, आणि मॉलीच्या दोन बहिणी क्विंटा व अल्बिना. जानेवारी १९२८ मध्ये कोर्टात दोघींना शपथेसाठी हात वर करता येईना. एप्रिलमध्ये सुनावणी पुढे ढकलली, सप्टेंबरपर्यंत, कारण कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जायचे होते. 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये वॉल्टर लिपमन यांनी यावर आसूड ओढले आणि जूनमध्ये तडजोड झाली : प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि दवापाण्याचा खर्च. दोष कबूल नाही. क्विंटा पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२९ मध्ये गेली.

आपल्याकडचं सांगते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) दोन वर्षांचीच मुदत होती. व्यावसायिक रोगात ती कामगार आजारपणामुळे सलग गैरहजर राहायला लागला त्या दिवसापासून, किंवा नोकरी सुटल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसली तर ती दिसल्याच्या दिवसापासून मोजत. आयुक्तांना उशीर माफ करता येत असे, हे आपलं थोडं मोठं मन. ग्रेसचं गणित या कलमात बसवून बघा, काठावरची केस होते.

आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (तोही २०२५ मध्ये नव्या संहितेत गेला) तिसऱ्या अनुसूचीत कळवायच्या रोगांत रेडियम व किरणोत्सारी पदार्थ हे नावानिशी होते. कलम ८९ प्रमाणे असा रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं असे, नाही तर दंड. दंड किती होता, तर १,००० रुपयांपर्यंत.

---

मुक्काम_चिंचवड | मंगळवार, दुपारी १:१५

वकीलकाकू, त्या कलमाबद्दल. वडील बॅटरीच्या एका कारखान्यात होते, नाव घेत नाही. शिशाचं काम. पोटात मुरडा, अंगात त्राण नाही, हिरड्यांवर निळसर रेघ. कारखान्याच्या डॉक्टरने कार्डावर लिहिलं 'अॅनिमिया', लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या. मग आईने भावाच्या ओळखीने बाहेर रक्तातलं शिसं मोजून घेतलं. तो कागद बघून वडील बोलले ते एवढंच, "म्हणजे मी आळशी नव्हतो." सिफिलिसचं वाचलं आणि ते आठवलं. कळवलं कुणीच नाही, अर्थात.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी २:०२

ती निळी रेघ दिसली म्हणजे शिसं, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. आणखी काय लिहू. वडील आता कसे आहेत?

---

मुक्काम_चिंचवड | मंगळवार, दुपारी २:२०

बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, भांडतात भरपूर.

---

शिकागोकर | मंगळवार, रात्री ११:४०

इकडून. न्यू जर्सीत तडजोड झाली तरी आमच्या इलिनॉयमधल्या ऑटावा गावात 'रेडियम डायल'चं काम चालूच होतं. शिकागोहून गाडीने दीड तास. १९२८ च्या बातम्या वाचून मुली घाबरल्या, तर कंपनीने गावच्या पेपरात जाहिरात दिली की आम्ही तपासणी करून घेतली, सगळं ठीक आहे. तपासणी झाली होती हे खरं. मुलींना निकाल दाखवले नव्हते.

तिथली कॅथरीन डोनह्यू लंगडायला लागली म्हणून १९३१ मध्ये कामावरून काढलं. इलिनॉयचा कायदा सुधारला तो १९३६ मध्ये, मगच दाद मागता आली. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुनावणीत डॉक्टरचं मत ऐकून ती कोसळली, मग दुसऱ्या दिवशी सुनावणी घेणाऱ्या आयोगाचं कामकाज तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत, ती सोफ्यावर पडलेली. निकाल तिच्या बाजूने. २७ जुलै १९३८ ला ती गेली. कंपनी अपिलं करत राहिली, ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायला नकार दिला तेव्हा थांबली.

गावात २०११ मध्ये एका मुलीचा ब्राँझचा पुतळा बसवलाय. एका हातात ब्रश, दुसऱ्यात फूल. मंडळाच्या सहलीवरून परतताना थांबलो होतो, पोरांनी विचारलं ही कोण, आणि मला मराठीत धड सांगता आलं नव्हतं. आता या धाग्याची लिंक देतो.

---

भौतिकभाऊ | बुधवार, सकाळी ८:१०

पुढचा दुवा : एमआयटीचे रॉबली इव्हान्स यांनी या बायकांची वर्षानुवर्षं मोजमापं केली आणि १९४१ मध्ये शरीरात जास्तीत जास्त ०.१ मायक्रोग्रॅम रेडियम चालेल अशी मर्यादा ठरली. अणुबॉम्बच्या कामात प्लुटोनियमची मर्यादा ठरवताना हाच आकडा समोर ठेवला होता. आज अणुभट्टीत काम करणाऱ्याच्या छातीवरच्या किरणोत्सार मोजणाऱ्या बिल्ल्यामागे त्या तबकड्या आहेत.

---

सरळमार्गी | बुधवार, सकाळी ९:५०

चिमट्याचं माहीत नव्हतं. मागे घेतो. माझ्याकडे पावडर कोटिंग चालतं, पोरांना मास्क दिलेत पण गरम होतं म्हणून गळ्यात लटकवतात. पाटीपेन्सिल, धूळ मोजायला काय घेता?

---

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी १०:३०

तुमच्याकडून चहा. आणि तो मास्क कुठला आहे त्याचा फोटो टाका, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. उरलेलं हवा ओढणाऱ्या पंख्यात.

---

उंडगा_पांडू | शनिवार, संध्याकाळी ६:२५

धागा वाचून घड्याळ घेऊन आमच्या पेठेतल्या घड्याळजीकडे गेलो, नुसतं विचारायला. तो म्हणाला, "आकडे गेलेत, जुनं खरवडून नवीन रेडियम मारून देऊ का?" मी जवळजवळ ओरडलोच, नको! मग त्याला भाऊंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे खण उघडला. आत बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात वडिलांच्या वेळेपासूनचे जुने काटे आणि तबकड्या, ढीगभर. त्याचं काय करायचं म्हणतोय. कुणाला माहीत आहे?

---

भौतिकभाऊ | शनिवार, संध्याकाळी ७:००

झाकण लावून, पिशवीत बांधून, बसायच्या जागेपासून लांब ठेवायला सांग. कचऱ्यात नाही, भंगारवाल्याला तर अजिबात नाही. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये भंगारात कोबाल्ट गेलं होतं आणि माणूस दगावला. अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा, अणुशक्तीनगर, मुंबई, नियामक भवन. कशात ठेवलंय, किती नग आहेत, एवढं लिहिलं तरी पुरे.

---

उंडगा_पांडू | शनिवार, रात्री ८:४०

सांगितलं. म्हणतो पत्र तुम्हीच लिहा, मी सही करतो. नग मोजायला बसला होता, मी हात धरला.